गाव सुटले, पण खाते सुटले का?



या पंधरवड्यात आलेली बहुतेक पत्रे हुमणीची आणि खताची आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात देईन. एक पत्र मात्र असे आले, की ते बाजूला ठेववेना. एका भगिनीने लिहिले आहे. तिची परवानगी घेऊनच, नाव-गाव गाळून, ते तुमच्यापुढे ठेवतो.

हे कुटुंब मूळचे माणदेशातले. कोरडवाहू सहा एकर, त्यात एक विहीर. २०१४ साली घरधन्याने बँकेकडून पाइपलाइन आणि मोटारीसाठी १ लाख ८० हजारांचे कर्ज काढले. पुढे २०१५-१६ चा दुष्काळ आला, विहीर आटली, आणि मोटार पाण्याऐवजी हवा ओढू लागली. निम्मे कर्ज कसेबसे फिटले, ९२ हजार मुद्दल राहिले. २०१९ साली त्यांनी जनावरे विकली आणि बाईच्या माहेरी, नीरा कालव्याच्या पट्ट्यात, बिऱ्हाड आणले. तिथे एक एकर विकत घेतली, दोन खंडाने केली. मेहनती माणसे, बस्तान बसले. आता दोन गाई घ्यायच्या म्हणून जवळच्या बँकेत अर्ज केला, तर साहेबांनी संगणकात पाहून सांगितले, "तुमचे जुने कर्ज थकलेले आहे, सिबिल खराब आहे."

बाई लिहिते, "आम्ही ते गाव सोडून सहा वर्षे झाली. त्या घराला आता कुलूप आहे. बँक वेगळी, तालुका वेगळा, जिल्हासुद्धा वेगळा. मग यांना कसे कळले? आणि ह्यांना आता त्या बँकेच्या दारात जायची लाज वाटते. माझा भाऊ म्हणतो, माझ्या नावावर गाई घे. घेऊ का?"

ताई, तुमचा पहिला प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून आधी तो घेतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा कर्जाची पत गावाच्या दप्तरात राहत असे. सोसायटीचे सचिव, बँकेचा शाखाधिकारी आणि तलाठी या तिघांना ठाऊक असले की झाले. नवीन कर्ज हवे तर आसपासच्या बँकांचे बेबाकी दाखले गोळा करायचे. दोन तालुके ओलांडून गेलेल्या माणसाची जुनी थकबाकी नव्या गावी कोणी विचारत नसे, कारण कळायला मार्गच नव्हता. ती सोय आता राहिलेली नाही. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल त्यातली जुनी, म्हणून आपण सगळ्याच प्रकाराला 'सिबिल' म्हणतो. प्रत्येक बँकेने या चारही कंपन्यांचे सभासद व्हावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१५ साली सांगितले. तुम्ही कर्ज किती घेतले, किती फेडले, कोणत्या महिन्यात चुकलात, हे बँका त्यांना कळवतात. पूर्वी महिन्याला कळवत, जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले.

आता यात पत्त्याचे स्थान काय? तुमचे खाते तिथे तुमच्या नावावर, जन्मतारखेवर, पॅन, मतदार कार्ड, आधार, फोन नंबर अशा खुणांवर उभे असते. पत्ता ही त्यातली एक ओळ. तुम्ही गाव बदलले आणि नव्या बँकेत अर्ज केला, की नवा पत्ता त्याच खात्यात जुन्याच्या शेजारी लिहिला जातो. जुना पुसला जात नाही. तेव्हा बैलगाडीत भांडीकुंडी भरताना तुम्हाला दिसले नाही, पण ते खातेही त्याच गाडीत चढून आले.

लेकीबाळींनीही हे ध्यानात ठेवावे. माहेरी असताना बचत गटातून किंवा घरोघरी वसुलीला येणाऱ्या कंपनीकडून कर्ज काढले, चार हप्ते राहिले, आणि लग्न होऊन आडनाव बदलले, तरी ती नोंद सासरी पोचते. नाव बदलते, जन्मतारीख तीच राहते.

स्थलांतरात खरे नुकसान कशाने होते ते सांगतो. ते पत्ता बदलल्याने होत नाही, पत्ता न कळवल्याने होते. नोटिसा जुन्या घरी जातात, पोस्टमन परत नेतो, आणि इकडे व्याज चढत राहते. अधूनमधून बँका एकरकमी तडजोडीच्या योजना काढतात, बरेच व्याज सोडतात. त्याचे पत्रही कुलूप लावलेल्या घरीच जाते. या बाईंच्या खात्यावर आज व्याज धरून रक्कम जवळपास दुप्पट झाली असेल. मधल्या काळात एखादी तडजोड निघून गेली असेल तर ती त्यांच्या कानावरच आली नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्यावर बेतले आहे. २०११ साली माझ्या चुलतभावाने ट्रॅक्टर घेतला, मी जामीन राहिलो. नोकरदार माणूस, सही सहज केली. नंतर माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. सरकारी घराचा पत्ता बँकेला कळवावा, हे मला सुचले नाही. २०१८ साली आम्ही घर बांधायला काढले, बायकोने जोत्याचा मुहूर्तही काढून ठेवला होता. बँकेत गेलो तर तिथल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे जामीनदार म्हणून ट्रॅक्टरचे कर्ज, आणि कित्येक महिन्यांचे चुकलेले हप्ते एकापुढे एक. गावोगाव बँक मेळाव्यांत वेळेवर कर्ज फेडा म्हणून भाषणे देणारा मी माणूस! चुलतभावाला विचारले तर तो म्हणाला, "दादा, तुला काळजी नको म्हणून सांगितले नाही." शेवटी ट्रॅक्टर विकून त्याने कर्ज भागवले. माझे घर त्या मुहूर्तावर झाले नाही, दोन वर्षांनी झाले. चुलतभावाशी माझे आजही चांगले आहे, पण सही करण्याआधी चष्मा लावायची सवय मला तेव्हापासून लागली.

म्हणून ताई, भावाच्या नावावर गाई घेऊ नका, हे माझे स्पष्ट मत. उद्या एखादी गाय भाकड निघाली, हप्ता हुकला, तर भावाचे खाते तुमच्यासारखेच होईल, आणि माहेरचा उंबरा जड होईल. शिवाय तुमचे जुने कर्ज त्याने एक रुपयाने कमी होत नाही.

मग करावे काय? आधी आपले खाते स्वतः पाहा. या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. म्हणजे चार कंपन्यांचे मिळून वर्षाला चार. मुलगा किंवा पुतण्या फोनवर काढून देईल, मात्र कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. 'सिबिल साफ करून देतो' म्हणून बाजाराच्या गावी पाट्या लागल्या आहेत, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका. खरी नोंद पैसे घेऊन कोणालाही पुसता येत नाही, आणि तुमचे आधार-पॅन मात्र त्याच्या हाती जातात.

अहवालात ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो. जितका मोठा तितकी पत चांगली. पण आकड्यापेक्षा खालचे तपशील वाचा. प्रत्येक कर्जापुढे स्थिती लिहिलेली असते. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली. आपण म्हणतो मिटले, पण पुढची बँक त्याचा अर्थ 'याने पूर्ण फेडले नाही' असाच लावते. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने आपल्या हिशेबात ते बुडीत धरले. याला लोक माफी समजतात. ती माफी नव्हे. वसुलीचा हक्क बँकेकडे राहतोच. तीन वर्षे झाली की कर्ज संपते, अशीही एक समजूत पारावर ऐकू येते. कोर्टात दावा लावायची मुदत ही एक गोष्ट आणि खात्यावरची नोंद ही दुसरी. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपावी लागते, आणि थकलेले कर्ज बँक कळवत राहते तोवर ते ताजेच दिसते.

ज्यांना २००८, २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत लाभ मिळाला, त्यांनीही एकदा पाहून घ्यावे. सरकारचे पैसे बँकेत जमा झाले म्हणून तुमच्या नावापुढची ओळ आपोआप बदलली असेल असे धरून चालू नका.

नोंदच चुकीची असेल तर? तसेही होते. एकाच तालुक्यात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच, असे तीन शेतकरी मला माहीत आहेत. पूर्वी पॅन नसताना घेतलेल्या कर्जात एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसू शकते. अशा वेळी कंपनीकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लावणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती फुकट असते. माहितीसाठी फोन १४४४८.

ताईंच्या बाबतीत नोंद खरी आहे, तेव्हा जुन्या शाखेत जावेच लागेल. मालकांना सांगा, लाज बाळगू नका. दुष्काळाने बुडालेला माणूस त्या शाखेत पहिलाच जाणार नाही. आधी खाते उतारा मागा, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे लिहून घ्या. नवा पत्ता आणि फोन लेखी द्या, पोच घ्या. मग विचारा, तडजोड सध्या चालू आहे का, आणि पूर्ण फेडायचे तर हप्ते बांधून मिळतील का. झेपत असेल तर पूर्ण फेडा. झेपत नसेल तर तडजोड करा, पण तिचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि सोडलेली रक्कम पुढे भरली तर 'क्लोज्ड' लिहून मिळेल का तेही तेव्हाच विचारा. अंगावरचे सोने विकून आजच सगळे भरू, असेही करू नका. हिशेब हाती येऊ द्या.

पैसे भरले की बेबाकी दाखला घ्या. तो घेऊन तडक तलाठ्याकडे जा. माणदेशातल्या त्या सहा एकरांच्या सातबारावर इतर हक्कात बोजा चढलेला असेल, तो फेरफार करून कमी करून घ्या. लोक दाखला ट्रंकेत ठेवतात आणि बोजा तसाच राहतो. मग जमीन विकताना किंवा मुलांच्या वाटणीला तो पुढे येतो. सोसायटीच्या इकराराचेही तसेच. सोसायटीची थकबाकी एखाद्या कंपनीच्या अहवालात दिसली नाही, तरी सातबारावर ती दिसतेच.

यानंतर पंधरा दिवसांत सगळे उजळेल असे नाही. चुकलेल्या महिन्यांची रांग अहवालात काही वर्षे दिसत राहते, पण थकबाकीचा रकाना शून्य झाला की साहेबांशी बोलायला तोंड राहते. तोवर नव्या एका एकरावर पीककर्ज मागा. पीककर्जाला सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. मात्र जुनी थकबाकी उघडी असताना बँक खळखळ करणारच, म्हणून क्रम हाच ठेवा. ते पीककर्ज छोटे का असेना, मुदतीत फेडले की व्याजात सवलत मिळते आणि खात्यावर एक चांगली ओळ पडते.

आणि गाईंचे म्हणाल तर, कालव्याचे पाणी आहे, तेव्हा या हंगामात दहा गुंठे नेपियर लावून ठेवा. गाई येतील तेव्हा चारा आधी हवा. उतारा मिळाला की त्याची नक्कल मला पाठवा. व्याजाची आकारणी मी स्वतः तपासून कळवीन.