सुनेने आणलेलं पाकीट

बटाटे सोलायचे, उकडायचे, कुस्करायचे, त्यात लोणी, कोमट दूध, मीठ आणि मिरपूड घालायची. मॅश्ड पोटॅटो म्हणतात तो पदार्थ एवढाच. पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईला हे काम सांगितलं तर ती विचारेल, "बरं, आणि स्वयंपाक काय करायचाय?" तरीही एवढेसे कष्ट वाचवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या सरकारी प्रयोगशाळांनी डोकं चालवलं, आणि त्यातून जे पाकीट बाजारात आलं त्यावरून तिकडच्या घराघरांत साठ वर्षं उलटली तरी कुरबुर चालूच आहे.

ती कुरबुर मी ऐकली न्यू जर्सीत, भाचीच्या घरी. भाचीचा नवरा अमेरिकन. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगचं जेवण त्यांच्याकडे होतं, म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, टर्की, ग्रेव्ही आणि झाडून सगळं सासर. सासूबाई पेनसिल्व्हेनियाहून आदल्या दिवशीच आल्या. प्रेमळ बाई, सुनेला नावाने हाक मारतात, मला मिठी मारून भेटल्या. मीठ काढायला म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि पोह्यांच्या डब्यामागे त्यांना इन्स्टंट मॅश्ड पोटॅटोचा खोका दिसला. त्या फक्त "ओह" म्हणाल्या. त्या एका उद्गाराचा अर्थ कळायला मला दुभाष्या लागला नाही. सातारा काय आणि पेनसिल्व्हेनिया काय, सुनेच्या फडताळात नको ते सापडल्यावर निघणारा सूर एकच असतो.

भाचीने खुलासा केला की ते फ्लेक्स वडे-पॅटिस वळताना घालायला ठेवलेत, उद्याच्या जेवणासाठी नाहीत. सासूबाई हसल्या, बाहेर गेल्या आणि गाडीतून स्वतः आणलेली बटाट्यांची पिशवी घेऊन आल्या. "मावशी, दारूची बाटली सापडली असती तर एवढा प्रश्न आला नसता गं," भाची माझ्या कानात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर काय काय होतं ते सांगते. फरसबीचं कॅसरोल होतं. हा पदार्थ १९५५ साली कॅम्पबेल या सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डोर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, कंपनीच्या मशरूम सुपाचा डबा खपावा म्हणून. सुपाचा एक डबा, फरसबी, वर तळलेला कांदा, तोही डब्यातला. क्रॅनबेरीची जेली होती. ती डब्यातून अख्खीच्या अख्खी बाहेर येते, अंगावर डब्याच्या कड्यांचे वळ घेऊन, आणि त्या वळांवरूनच तिच्या चकत्या कापतात. भोपळ्याच्या पायमधला भोपळा डब्यातला. यातल्या प्रत्येक पदार्थाची ओळख करून देताना सासूबाई म्हणत होत्या, "ही माझ्या आईची पद्धत." आणि त्यांचं खोटं नव्हतंच. त्यांच्या आईने खरोखरच १९५५ नंतर केव्हातरी तो सुपाचा डबा घरात आणला असणार, आणि त्या वेळी त्यांच्या आजीने नक्की "ओह" म्हटलं असणार.

मला हे फार ओळखीचं वाटलं. पुण्यात १९६३ साली गिट्स सुरू झालं. त्यांची आणि पुढे चितळ्यांची गुलाबजामची पाकिटं मराठी मध्यमवर्गात इतकी मुरली की आज पाकीट फोडून, पीठ मळून, गोळे तळून पाकात सोडले की आपण बेधडक म्हणतो, "घरी केलेत." पाहुणेही म्हणतात, "वा, घरचे का!" खव्याचे गुलाबजाम करणाऱ्या पिढीने या पाकिटाला पुष्कळ नाकं मुरडली होती. आता बाहेरचे म्हणजे टिनमधले आयते. भाजणीचंही तेच. दुकानातल्या भाजणीचं थालीपीठ हे घरचं थालीपीठच असतं. पण भाचीने फ्रीजरमधल्या पोळ्या काढल्या की तिची आई, म्हणजे माझी सख्खी बहीण, व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं गप्प होते. आणि त्याच फ्रीजरमधला खवलेला नारळ? त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तो तर बहिणीनेच तिला पहिल्यांदा घेऊन दिला होता.

म्हणून माझं मत असं झालंय की घरचं आणि बाहेरचं याचा कष्टांशी संबंध थोडा, चवीशी त्याहून थोडा. जे पाकीट आईने आणलं ते घरचं. जे सुनेने आणलं ते बाहेरचं.

आता त्या बिचाऱ्या फ्लेक्सकडे वळू, कारण त्यात दिसतं त्यापेक्षा बरंच काही आहे. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी. ते काढून टाकणं सोपं, पण पुन्हा पाणी घातल्यावर त्याचा बटाटा होणं अवघड. शिजताना बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्च फुगून बसलेला असतो. पेशी शाबूत राहिल्या तर मऊ, मोकळा लगदा मिळतो. फुटल्या की स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. उकडलेला बटाटा घाईने मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांना ही खळ माहीत असेल, तिने पतंग चिकटवता येतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाळवलेला बटाटा मिळायचा, आणि त्याबद्दल त्यांनी चांगलं काही म्हटल्याचं कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

ही खळ होणं टाळायची युक्ती १९५०च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या विंडमूर इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत सापडली. बटाट्याचे काप आधी साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचे, म्हणजे अर्धेमुर्धे शिजवायचे. मग गार पाण्याने थंड करायचे. या थंड होण्यातच सगळी गंमत आहे: फुगलेला स्टार्च पेशीच्या आतल्या आत घट्ट होतो आणि नंतर सहजासहजी बाहेर येत नाही. मग वाफेवर पूर्ण शिजवायचं, कुस्करायचं आणि आतून वाफेने तापलेल्या मोठ्या फिरत्या रुळावर पातळ थर द्यायचा. पापुद्रा सुटतो, तो तोडला की फ्लेक्स. या पद्धतीला 'फिलाडेल्फिया कुक' म्हणतात. कॅनडात ओटावाच्या कृषी खात्यात एडवर्ड ॲसेलबर्ग्ज यांनीही १९६०च्या सुमारास फ्लेक्सवरच काम केलं, आणि कॅनडाची माणसं श्रेय त्यांना देतात. ते भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं.

मी अडकले ते गार करण्यापाशी. कारण उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस घातलेल्या कुठल्याही बाईला विचारा. बटाटे बोटचेपे उकडायचे, पूर्ण नाही. मग रात्रभर गार होऊ द्यायचे. सकाळी ऊन चढायच्या आत सोलून थेट प्लॅस्टिकवर किसायचे, हात फिरता ठेवायचा म्हणजे ढीग होत नाही. गरम बटाटा किसला तर किसणीला चिकटतो, खाली पडतो तो गोळा होऊन. माझी आजी याबाबत कडक होती. आजीला विज्ञान ठाऊक होतं वगैरे म्हणायची हल्ली फॅशन आहे. तिला बटाटा ठाऊक होता, तेवढं पुरेसं होतं. आम्हा पोरांना काठी घेऊन कावळे हाकायला बसवत, आणि दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं की अख्खी चाळ गच्चीकडे धावे. पाच किलो बटाट्यांचा कीस वाळून किलोभरही भरत नसे.

तो कीस डब्यात गेला की मग काय होतं? आषाढी एकादशीला कढईत तेल तापवायचं, मूठभर कीस सोडायचा, क्षणात फुलतो. शेंगदाणे, हिरवी मिरची, मीठ, साखर. पाच मिनिटांत उपवासाचा चिवडा. याला इन्स्टंट नाही म्हणायचं तर कशाला? पापड, कुरडया, सांडगे, मेतकूट, सगळी बेगमी ही वेळेवर झटपट व्हावं म्हणूनच केलेली असते. फरक एवढाच की मे महिन्यात कुणाची कंबर मोडली ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारावर, जिथून बटाटा जगभर गेला तिथे, शेकडो वर्षं हेच चालत आलंय. तिकडे जूनमध्ये कडाक्याची थंडी. रात्री बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस. त्याला चून्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो, इंका राजांची कोठारं त्याने भरलेली असत. तिथल्या सासवांचं यावर काय म्हणणं होतं ते इतिहासात नोंदलेलं नाही.

कारखान्यातल्या पाकिटाची पंचाईत इथे झाली. त्यातली मेहनत कुणाला दिसलीच नाही, म्हणून ते आणणारी बाई आळशी ठरली. ब्रिटनमध्ये स्मॅश नावाच्या पाकिटाची १९७०च्या दशकातली जाहिरात या दृष्टीने बघण्यासारखी आहे. मंगळावरची धातूची माणसं पृथ्वीवरची माणसं बटाट्याचं काय करतात ते ऐकतात: सुरीने सोलतात, वीस मिनिटं उकडतात, मग ठेचतात. आणि ती लोखंडी माणसं पोट धरधरून हसतात. तोवर लोक हसत होते ते पाकीट आणणारीला. जाहिरातवाल्यांनी हसणं फिरवून सोलत बसणाऱ्यांवर नेलं. इतकी हुशारी मी क्वचित पाहिली आहे, आणि आपल्याकडच्या मसाल्यांच्या जाहिरातींनी तर नेमकं उलट केलं. तिथे अजून सासूने घास घेऊन मान डोलावल्याशिवाय जाहिरात संपत नाही.

फ्रेंच लोकांनी हा वाद दोन्ही बाजूंनी खाऊन टाकला. तिथे मूस्लीन नावाचं पाकीट १९६३ पासून पोरांच्या ताटात आहे. आणि त्याच देशात जोएल रोबुशाँ या शेफची कीर्ती १९८०च्या दशकात पॅरिसमध्ये झाली ती मुख्यतः साध्या मॅश्ड पोटॅटोवर. त्याचं प्रमाण एक किलो बटाट्याला पाव किलो लोणी. सालासकट उकडायचे, चाळणीच्या यंत्रातून काढायचे, मंद आचेवर पाणी आटवायचं, मग गार लोण्याचे तुकडे घालत ढवळत राहायचं. पाव किलो लोणी घातल्यावर पुठ्ठासुद्धा बरा लागेल असं माझं आपलं मत, पण ज्यांनी खाल्लंय ते ऐकून घेत नाहीत.

चवीचं विचाराल तर सासूबाईंचा जिंकला. रसेट बटाटा पिठूळ असतो, तो हाताने कुस्करल्यावर त्याला सालीचा, मातीचा एक मंद वास राहतो. पाकिटात तो नाही. पाकिटाचा लगदा जिभेवर अगदी गुळगुळीत, शेवटी किंचित गोडसर, आणि ताटात गार झाला की लगेच थिजतो. ग्रेव्ही ओतली की मात्र भलेभले फसतील. सासूबाईंच्या मॅशमध्ये गुठळ्या होत्या आणि त्या त्यांनी मुद्दाम ठेवल्या होत्या. हाताने केल्याचा तो पुरावा. पाकीटवाल्यांनाही हे केव्हाच कळलंय. हल्ली काही पाकिटांत लाल सालीचे ठिपके घातलेले असतात.

नुसत्या फ्लेक्सचा बटाटावडा मात्र करू नये, आत कणकेसारखं काहीतरी निघतं. पण उकडलेल्या बटाट्याला पाणी सुटलं असेल, पॅटिस थापताना फुटत असतील, तर दोन चमचे फ्लेक्स कॉर्नफ्लोअरपेक्षा कितीतरी बरे. परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांना हे पाठ असतं, आणि त्या एकमेकींना सांगतात. आईला सांगत नाहीत. एकट्या माणसाला, हातात जोर न उरलेल्या म्हाताऱ्यांना, रात्री आठला घरी येणाऱ्यांना तर मी बिनदिक्कत म्हणेन, घ्या.

भाचीची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला आजीच्या मॅशमधल्या गुठळ्या आवडल्या नाहीत, तिने त्या काट्याने ताटाच्या कडेला लावून ठेवल्या. तिला हवा असतो तो शाळेतून आल्यावर मिळणारा 'आईचा बटाटा'. त्याची कृती भाचीने मला लिहून दिली आहे. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग थोडं दूध घालायचं, म्हणजे भगराळ होत नाही. फ्लेक्स वरून भुरभुरायचे, मिनिटभर हात लावायचा नाही, नंतर काट्याने हलकेच सारखे करायचे. वर साजूक तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी, तिखट नसलेली एक मिरची, चिमूटभर साखर. दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणायचं नाही, मुलगी लगेच ओळखते आणि म्हणते, हा घरचा नाहीये.