फडातला बिबट्या, यार्डातला गवा

रानहत्तींचा त्रास म्हटला की दोडामार्ग, चंदगड आठवतं. २००२ पासून कर्नाटकातून येणारे हत्ती तिथले माड, केळी, भात तुडवतात. सातारा-सांगलीत हत्ती नाहीत, म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला. वर्षभर आधी पुण्याच्या कोथरूडमध्ये आलेला गवा माणसांच्या पाठलागात मेला होता. सांगलीतला गवा मात्र वनखात्याने जिवंत पकडला, याचं कौतुक व्हायला हवं. बिबट्याचं तर विचारूच नका. कराड, शिराळ्याकडे त्याची पिल्लं उसाच्या फडातच जन्मतात आणि ऊसतोडीत सापडतात. त्याला चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडा म्हणणं सोपं आहे; पण त्याचं घर ऊसच आहे. नुकसानभरपाई वाढवा, जरूर वाढवा. पण त्याआधी बिबट्याच्या सावटात रात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज द्या.