हळू पळा, सोबतीने पळा

घरात कुणी गप्प गप्प राहू लागलं, की आपल्याकडे सल्ला तयार असतो. "असा बसून राहू नकोस. सकाळी जरा पळून येत जा, बरं वाटेल." सल्ला खोटा नाही. पण ज्याला तो मिळतो, त्याला नेमकं अंथरुणातून उठणंच जमत नसतं. म्हणून हे दोघांसाठी आहे. पळणाऱ्यासाठी, आणि त्याला पळायला सांगणाऱ्या घरच्यांसाठीही.

पळून आल्यावर हलकं वाटतं, हे शाळेत खो-खो खेळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मेंदूत अमुक द्रव्य पाझरतं, तमुक वाढतं, असं तुम्ही वाचलं असेल. ती नावं पाठ करू नका. तुम्हाला स्वतःला जाणवतील अशा दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे झोप सुधारते. दुसरी, छातीतल्या धडधडीची भीती कमी होते.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांच्या मनाला सतत घोर लागलेला असतो, त्यांना छाती धडधडली की आणखी घाबरायला होतं. आपल्याला काही होतंय का, या विचाराने धडधड आणखी वाढते. पळतानाही छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास वाढतो. मग तुम्ही थांबता, चालता, आणि थोड्या वेळात सगळं आपोआप शांत होतं. असं पुन्हा पुन्हा झालं, की धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीराला पटायला लागतं. पुढच्या वेळी ऑफिसात किंवा रात्री दोन वाजता छाती धडधडली, तर पूर्वीइतका धीर सुटत नाही.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, दम विचित्र लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तरीही आधी तपासून घ्या.

आता सुरुवात. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. एवढंसं करून काय होणार, असं वाटेल. वाटू द्या. पुढे पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवा.

वेग किती? पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर तुम्ही जोरात पळताय. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरला घड्याळ लागतं, कारण तिथे गुण असतात. तुम्हाला कुणी गुण देणार नाही. मनासाठी पळणाऱ्याने पहिले काही महिने घड्याळ घरी ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काल किती, आज किती, ग्रुपवर कुणी किती टाकलं, हा हिशोब सुरू झाला की जी कटकट विसरायला बाहेर पडलात तीच बुटांसोबत येते.

जागा जवळची निवडा. शिवाजी पार्क, रंकाळा, तळजाई छानच आहेत. पण तिथे पोचायला पाऊण तास लागत असेल तर चार दिवसांत कंटाळाल. सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, गावाबाहेरची पाणंद चालेल. गाड्यांच्या धुरातला मोठा रस्ता टाळा. हिवाळ्यात शहरात पहाटे धुरकं दाटलेलं असतं, तेव्हा थोडं उशिरा निघा. मे महिन्यात उलट, उन्हं चढायच्या आत परत या. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, नजर वळवा, सावकाश चालत बाजूला व्हा. बूट चांगले घ्या. बाकी कपडे घरातलेच पुरतात.

आता घरच्यांसाठी. नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेले १४१ जण त्यात होते. गोळ्या की पळणं, हे बहुतेकांनी स्वतःच निवडलं. ४५ जण गोळ्यांकडे गेले, ९६ जण पळण्याकडे. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडे साधारण ४४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. वर्तमानपत्रं इथेच थांबतात. पुढचा भाग असा, की गोळ्या घेणाऱ्यांपैकी पाचातल्या चौघांनी त्या नीट घेतल्या. पळणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी ठरल्याप्रमाणे पळणं पाळलं. आणि हे गटाने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली होतं!

तेव्हा एकट्याला नुसतं "जा" म्हणून तो जाईल, ही अपेक्षा चुकीची आहे. तुम्ही सोबत जा. पळता येत नसेल तर चाला, कट्ट्यावर बसा. रात्रीच बूट दाराशी काढून ठेवा. वाटेत उपदेश नको. परत आल्यावर "किती झालं?" हेही विचारू नका.

घरातल्या बाईचं मन थकलं असेल, तर नुसती सोबत पुरणार नाही. सकाळचा चहा, डबे, पाणी भरणं तिच्याकडेच राहिलं तर ती बाहेर पडणार कधी? त्या तीन दिवशी डबे दुसऱ्या कुणीतरी भरावेत. पंजाबी ड्रेसवर बूट घालून खुशाल पळता येतं. लोक दोन दिवस बघतील.

औषधं चालू असतील तर ती पळायला लागलात म्हणून बंद करू नका. बरं वाटलं तरी नाही. कमी करायची की नाही, ते डॉक्टरच ठरवतील. लिथियमची गोळी चालू असेल तर त्यांना पळण्याविषयी आधी सांगा, कारण खूप घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आणि जगणंच नको असं मनात येत असेल, तर ती वेळ पळण्याची नाही, बोलण्याची आहे. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं. माणूस असं बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका.

दिवस चुकणारच. पाऊस लागेल, पाहुणे येतील, कधी मनच उठू देणार नाही. चुकले तर भरपाई म्हणून दुप्पट पळू नका. नडग्या दुखावतील आणि महिनाभर घरी बसाल. सोडलं होतं त्याच्या आधीच्या आठवड्याचा बेत पुन्हा धरा. तेही जड वाटलं तर त्या दिवशी बूट घालून नाक्यापर्यंत चालत जा आणि परत या.