भाऊबीजेची सायकल

यंदा भाऊबीजेला साडीऐवजी बहिणीने वाकड्या हँडलची 'रोड बाईक' मागितली, तर भावाने दचकू नये. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल-शर्यत आळीपाळीने पुरी केली. मग विंचूरच्या मुलीने निदान येवल्यापर्यंत जाण्याची हौस का धरू नये? प्रश्न आहे तो खिशाचा!

दुकानात गिअर मोजत बसू नका. 'टूर द फ्रान्स'मध्ये १९३६ पर्यंत साखळी सरकवणाऱ्या गिअरना मज्जावच होता. तरी गडी आल्प्सचे घाट चढतच होते. मागे आठ चक्रे पुष्कळ झाली.

पहिली पारख मापाची. बहिणीलाच बसवून पाहा. पेडल तळाशी असता गुडघा किंचित वाकलेला राहावा, हँडल धरताना पाठ ताणू नये. माप चुकले, तर निम्म्या किमतीतही सौदा महागच. दुसरी पारख टायरची. खडबडीत रस्त्यावर २३ मिलिमीटरचा टायर हाडे खिळखिळी करतो; निदान २८ चा बसेल एवढी जागा हवी.

जुनी घेणार असाल तर फूटपट्टी न्या. साखळीच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. अष्टमांश इंच अधिक भरल्या, तर साखळी झिजली, आणि बहुधा मागची चक्रेही. तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

आणि हेल्मेट, पंप व जादा ट्यूब यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील तेवढ्यातच सायकल पाहा. बहीण अंधार पडण्यापूर्वी सुखरूप घरी येणे, हीच खरी ओवाळणी!