ठरावाने तहान भागत नाही

कागद आणि पाणी यांतला फरक महाडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला; परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. मधली तीन वर्षे ठराव दप्तरात होता आणि माणसे काठावर तहानलेली होती. त्या अन्यायाशी दुसऱ्या कशाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. पण त्याने दिलेला धडा महाड-पोलादपूरच्या काही मुलांच्या बाबतीत आपण विसरलो आहोत, हे सांगणे भाग आहे.

कोणती ही मुले? आपण सारेच त्यांना ओळखतो. एखाद्याला वर्गात दहा मिनिटे एका जागी बसवत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देतो, एका पावसाळ्यात चार छत्र्या हरवतो. तोच मुलगा नदीकाठी खेकड्याच्या बिळापाशी तासभर श्वास रोखून बसतो. मग आपण निवाडा देतो, ‘मनात आणले तर जमते, हा माजला आहे!’ त्याची बहीण दंगा करत नाही, नुसती खिडकीबाहेर पाहत राहते. तिला ‘वेंधळी’ म्हणून आपण मोकळे होतो.

हा निवाडा चुकीचा आहे. वैद्यकशास्त्र ज्याला एडीएचडी म्हणते, ती मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. लक्ष नसते असे नव्हे. ते हुकमी वळवता येत नाही. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही तो ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ मानला. शास्त्र तेथून शतकभर पुढे आले. आपण मात्र अजून तेथेच उभे आहोत, आणि तेही छडी घेऊन. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. छडीने लक्ष जागे होत नाही, केवळ भय जागे होते.

‘ही शहरातल्या श्रीमंतांची थेरे’ असे काही जण म्हणतात. खरे पाहता शहरातल्या चंचल मुलाला डॉक्टर आणि खास शिकवणी तरी मिळते. आपल्याकडच्या मुलाला ‘ढ’ हा शिक्का मिळतो आणि एक दिवस त्याची शाळा सुटते. उलट, ‘ही तर दैवी देणगी’ असे म्हणणारेही असतात. रात्री अकरा वाजता हरवलेली वही शोधणाऱ्या आईला हे कौतुक काय कामाचे?

प्रत्येक चुळबुळ म्हणजे एडीएचडी नव्हे, हेही खरे. जुलै २०२१ चा महापूर आणि तळियेची दरड अनुभवलेले मूल पावसाच्या आवाजाने बिथरत असेल. एखाद्याला ऐकूच कमी येत असेल. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आढळणारी व किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. म्हणूनच हा निर्णय शेजाऱ्याने नव्हे, तज्ज्ञाने करायचा असतो.

आणि येथे पुन्हा कागद आडवा येतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळाशाळांतून तपासायच्या तीस व्याधींत एडीएचडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र नाही! एका यादीत मूल सापडते, दुसरीत हरवते. शिवाय तपासणीत संशय आला, तर पुढचे केंद्र जिल्हा पातळीवरचे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून अलिबाग गाठायचे म्हणजे रोजंदारी बुडवून पहाटेची एसटी पकडायची. अशी खेप एक आई किती वेळा करील?

आपल्या हातातले काही आपणही करू शकतो. कशेडी घाटात वळणाला आपण ‘सरळ हो’ म्हणून दरडावत नाही. तेथे कठडा बांधतो. घरातही असेच कठडे हवेत. एका वेळी एकच सूचना. अभ्यासाचे लहान तुकडे. मध्येच पाणी आणण्यासारखे हातापायांचे काम. दाराशी खुंटी आणि खुंटीपाशी पाटीवर उद्याची यादी. झोपेची ठरलेली वेळ. जमले की तेथल्या तेथे शाबासकी. वर्गात पुढचा बाक. डॉक्टरांनी औषध दिले तर ते लाज न बाळगता घ्यावे, आणि त्यांना विचारल्यावाचून बंद करू नये. पुष्कळांचा हा स्वभाव मोठेपणीही टिकतो. तेव्हा खुंटी आणि पाटी घरच्या कर्त्या पुरुषालाही उपयोगी पडेल.

परंतु कुटुंबाने कठडे बांधले म्हणून शासनाची सुटका होत नाही. महिन्यातून एका जाहीर दिवशी बालमनोविकारतज्ज्ञ महाडला आणि पोलादपूरला बसलाच पाहिजे. शिक्षकांना ही मुले ओळखण्याचे प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. कायद्याच्या यादीतली उणीव दूर झालीच पाहिजे. पुढच्या पालकसभेत सहलीच्या वर्गणीआधी एक प्रश्न विचारा : तपासणीच्या यादीत आमच्या मुलाचे नाव लागले, तर त्याला पुढे कोण पाहणार, कोठे आणि कोणत्या तारखेला? तारीख मिळेपर्यंत खाली बसू नका.