मोडेम चालत नाही, की चालवला जात नाही?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांच्या दुकानात आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणक आहे, अशा व्यापारी बांधवांपुढे त्यामुळे एक पेच उभा राहिला. कंपनीच्या अटींप्रमाणे यातील बहुतेक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. नवा संगणक घ्यावा तर भांडवल अडकते आणि जुनाच तसाच वापरावा तर व्हायरसची धास्ती राहते. अशा वेळी काहीजण लिनक्सचा मार्ग धरतात. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि त्याच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही बऱ्या चालतात. इथपर्यंत सर्व सुरळीत होते. मग दुकानातला यूएसबी मोडेम, ज्याला बाजारात डोंगल किंवा नेटसेटर म्हणतात, तो लावला जातो आणि काहीच होत नाही. विक्रेत्याकडे गेले की उत्तर ठरलेले: "लिनक्सवर हे चालत नाही, नवा विंडोजचा संगणक घ्या."

आमचे म्हणणे असे की हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते. काही शे रुपयांच्या वस्तूपायी हजारो रुपयांचे यंत्र बदलायला लावणे हा व्यापार नव्हे. विक्रेत्याच्या मनात कपट असतेच असे नाही. पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. पण त्याच्या न जाणण्याचा भुर्दंड दुसऱ्याने का सोसावा?

अडचण नेमकी कोठे आहे?

हा मोडेम म्हणजे एका डबीत बसवलेल्या दोन वस्तू असतात. एक आहे सिमकार्डातून इंटरनेट देणारा मोडेम. दुसरी आहे थोडी साठवणूक-जागा, जिच्यात विंडोजसाठीचा प्रोग्राम भरलेला असतो. पूर्वी मोडेमबरोबर वेगळी सीडी द्यावी लागे. तो खर्च आणि ती कटकट वाचावी म्हणून कंपन्यांनी युक्ती काढली. मोडेम लावला की तो आधी संगणकाला सांगतो, "मी सीडी ड्राइव्ह आहे." विंडोज त्या बनावट सीडीवरचा प्रोग्राम चालवते, तो प्रोग्राम मोडेमला एक गुप्त आज्ञा धाडतो, आणि मग ती डबी सीडीचे सोंग टाकून मोडेम म्हणून पुढे येते.

लिनक्सवर तो विंडोजचा प्रोग्राम चालत नाही. आज्ञा कोणी देत नाही, म्हणून सोंग उतरत नाही. पडद्यावर सीडीचे चित्र दिसते आणि ग्राहक समजतो की यंत्र निकामी आहे. वास्तविक मोडेम धडधाकट असतो. त्याला जागे करणारे कोणी नसते, एवढेच.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक यूएसबी वस्तूला दोन क्रमांक असतात. पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूच्या त्या वेळच्या रूपाचा. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की ते दिसतात. हुवेई कंपनीचा क्रमांक १२डी१, झेडटीईचा १९डी२. हुवेईच्या अनेक मोडेमांचा दुसरा क्रमांक सोंगात असताना १४४६ असतो, आणि मोडेम झाल्यावर १००१, १४३६ किंवा १५०६ असा दुसराच होतो. क्रमांक बदलला तर सोंग उतरले, न बदलला तर उतरायचे आहे. एवढे पाहायला एक मिनिट पुरते.

हे काम कोणी केले?

मोडेम बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी विंडोज आणि मॅक यांच्यापलीकडे पाहिले नाही. ती उणीव भरून काढली ती जगभरच्या स्वयंसेवकांनी. योझुआ डीत्से यांनी 'यूएसबी-मोडस्विच' हा प्रोग्राम लिहिला आणि मोफत दिला. मोडेमला जी गुप्त आज्ञा लागते ती हा प्रोग्राम देतो. कोणत्या मोडेमला कोणती आज्ञा, याची भली मोठी यादी त्याच्यासोबत येते. ती यादी वापरणाऱ्यांनी एकेक मोडेम तपासून वाढवत नेली आहे. सोंग उतरल्यावर मोडेमशी बोलणारा 'ऑप्शन' नावाचा चालक लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याचे नाव पडले बेल्जियमच्या ऑप्शन कंपनीवरून, कारण आधी तो तिच्या कार्डांसाठी लिहिला गेला. पुढे त्यात इतर कंपन्यांचे शेकडो मोडेम सामावले गेले.

म्हणजे ज्या कामाचे पैसे ग्राहकाने कंपनीला दिले, ते काम परक्या माणसांनी फुकट करून ठेवले आहे. त्याचा लाभ घ्यायचा सोडून आपण नवा संगणक घ्यायला निघालो, तर दोष कोणाला द्यावा?

दुकानात तपासणी कशी करावी?

आमच्या मते तपासणीला क्रम हवा. अंदाजाने दहा ठिकाणी हात घातला की चालणारे यंत्रही बिघडते.

पहिली गोष्ट वीज. यूएसबी २.० चे तोंड ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते, आणि सिग्नल कमजोर असला की मोडेम जास्त प्रवाह ओढतो. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची तोंडे बऱ्याचदा सैल झालेली असतात. मोडेम मागच्या बाजूला लावावा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरातल्या गाळ्यात दुकान असेल, तर चांगल्या प्रतीची, आखूड यूएसबी वायर जोडून मोडेम खिडकीजवळ आणावा.

दुसरी गोष्ट सोंग. वर सांगितलेले क्रमांक पाहावेत. उबुंटूसारख्या आवृत्तीत यूएसबी-मोडस्विच बहुधा आधीच असतो. नसेल तर मोबाइल फोन यूएसबी वायरने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते घ्यावे आणि प्रोग्राम उतरवून घ्यावा. काही मोडेम तर पडद्यावरच्या सीडीच्या चित्रावर 'इजेक्ट' दाबताच सोंग टाकतात.

तिसरी गोष्ट जोडणी. मोडेम जागा झाला की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल ब्रॉडबँड' हे नाव दिसते. तेथे देश, कंपनी आणि एपीएन भरायचे. एपीएन म्हणजे कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या दाराचे नाव. एअरटेलचे 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट'. ही नावे रोमन लिपीच्या लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. एक अक्षर चुकले की सिग्नल पूर्ण दिसतो आणि इंटरनेट मात्र येत नाही. जुन्या पद्धतीने डायल करणाऱ्यांनी *९९# हा क्रमांक वापरावा. सिमला पिन असेल तर तो आधी फोनमध्ये टाकून बंद करून घ्यावा.

चौथी गोष्ट दोन मालकांची. लिनक्समध्ये मोडेम सांभाळायला 'मोडेममॅनेजर' असतो. कोणीतरी सांगितले म्हणून शिवाय 'डब्ल्यूव्हीडायल'ही बसवला, तर दोघेही एकाच मोडेमवर हक्क सांगतात आणि जोडणी सारखी तुटते. दोघांपैकी एकच ठेवावा.

काही नव्या मोडेमांना यातले पुष्कळसे लागत नाही. हुवेईचे 'हायलिंक' प्रकारचे मोडेम स्वतःच छोट्या राउटरसारखे वागतात आणि संगणकाला साध्या नेटवर्क कार्डासारखे दिसतात. एपीएन वगैरे भरायचे ते ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडून. नवखा मनुष्य नवा मोडेम घेत असेल, तर त्याने या प्रकारचा पाहावा असे आम्हाला वाटते.

जेथे नकार खरा असतो

प्रत्येक नकार खोटा असतो असे म्हणणेही फसवणूक होईल. जुन्या बाजारात आजही रिलायन्स नेटकनेक्ट आणि टाटा फोटॉनचे सीडीएमए मोडेम स्वस्तात दिसतात. ते #७७७ डायल करून चालत. त्या सेवा केव्हाच बंद झाल्या. टाटा टेलिसर्व्हिसेसचा ग्राहकांचा मोबाइल व्यवसाय १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये गेला. त्या मोडेमला लिनक्स काय आणि विंडोज काय, जिवंत करू शकत नाही. तो फुकट मिळाला तरी महाग.

फक्त थ्रीजीवर चालणाऱ्या मोडेमचीही गत तशीच. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओला टूजी-थ्रीजीचे जाळे कधीच नव्हते, आणि एअरटेलने २०१९-२० मध्ये आपले थ्रीजी गुंडाळले. म्हणून जुना मोडेम घेताना तो फोरजीचा आहे ना आणि आपल्या कंपनीच्या लहरी पकडतो ना, हे पाहावे. जिओचे फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. तिसरा अडथळा कुलपाचा. कंपनीने विकलेले बरेच मोडेम तिच्याच सिमपुरते बांधलेले असतात. दुसरे सिम घातले की कोड मागतात.

लिनक्सलाही मर्यादा आहेत. हिशेबाचे टॅली हे विंडोजसाठी बनलेले आहे. ज्याचा सारा धंदा टॅलीवर आहे त्याने मोडेम चालला म्हणून घाईने विंडोज काढून टाकू नये. डिजिटल सहीचे टोकन लागणाऱ्या कंपन्यांनी तेही आधी तपासून घ्यावे. मात्र ज्याचे काम ब्राउझरमधून जीएसटीचे विवरणपत्र भरणे, ई-वे बिल काढणे, बँकेचे व्यवहार आणि मालाची मागणी धाडणे इतकेच आहे, त्याला लिनक्स पुरते.

कोणी विचारील, हाताशी फोन असताना मोडेमची गरजच काय? प्रश्न रास्त आहे, आणि ज्याचे भागते त्याने खुशाल फोनवर भागवावे. पण मालक माल आणायला बाजारात गेला की फोन त्याच्याबरोबर जातो आणि दुकानातला संगणक मुका होतो. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला बिल काढता येत नाही, घाऊक व्यापाऱ्याचा निरोप दिसत नाही. ज्या वस्तीत वायरचे इंटरनेट पोहोचलेले नाही तेथे दुकानाचे स्वतःचे सिम आणि स्वतःचा मोडेम असणे ही चैन नाही, गरज आहे.

विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने काय करावे?

कंपन्यांनी डबीवर 'विंडोज व मॅकसाठी' एवढेच छापून थांबू नये. चिप कोणती, फोरजीच्या कोणत्या लहरी, सिमला कुलूप आहे की नाही, हे छापायला शाईचाच काय तो खर्च. विक्रेत्यांनीही एक लिनक्सचा संगणक दुकानात ठेवावा आणि ग्राहकासमोर मोडेम लावून दाखवावा. काट्यावर तोलून माल देण्यात कमीपणा नाही, तसा लावून दाखवण्यातही नाही. "चालत नाही" म्हणण्यापेक्षा "मला माहीत नाही, पाहून सांगतो" म्हणणारा दुकानदार ग्राहक टिकवतो.

ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: मोडेम फोरजीचा आहे का? कोणतेही सिम चालेल का? हायलिंक प्रकारचा आहे का? माझ्या संगणकावर न चालल्यास परत घ्याल का? चौथ्याचे उत्तर बिलावर लिहून घ्यावे. तोंडी शब्द दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी. मोबाइल दुरुस्तीची दुकाने आता गल्लोगल्ली झाली आहेत आणि तेथील नफा घटला आहे. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून देणे, मोडेम आणि प्रिंटर चालते करून देणे, मालकाला दोन दिवस शिकवणे, हा हुन्नर मात्र अजून फार थोड्यांकडे आहे. त्याला भांडवल लागत नाही. एक जुना संगणक, दोन-तीन प्रकारचे मोडेम आणि महिनाभराची चिकाटी पुरे. आपल्या बाजारपेठेत असा एक जाणकार मुलगा असला, तरी कित्येक दुकानदारांचा नव्या यंत्राचा खर्च वाचेल आणि त्या मुलाची रोजीही चालेल.

यंत्र बंद पडले की ते बदलायचे, ही सवय आपल्याला जाहिरातींनी लावली. आपला बाजार मुळात दुरुस्तीवर जगलेला आहे. घड्याळ, शिलाई मशीन, सायकल यांपैकी काहीही आधी उघडून पाहायचे आणि मग टाकायचे, ही आपली रीत होती. तीच रीत या बोटभर मोडेमलाही लावावी. नवा संगणक घेण्यापूर्वी मोडेमला एकदा उठवून पाहावे. उठला तर पैसे गाठीला राहतील. नाही उठला, तरी नकार खरा की खोटा हे कळेल.