ओट्याखालची झिलमिली

उन्हाळ कांदा निघाला की श्रीरामपूर तालुक्यातला शेतकरी तो सुकवतो, पात कापतो, चिंगळी आणि जोडकांदा बाजूला काढतो आणि उरलेला माल चाळीत भरतो. चाळ म्हणजे मुळात पट्ट्यांची भिंत. बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत फट, तळ जमिनीपासून उचललेला आणि त्या तळालाही फटी. याच शेतकऱ्याचा मुलगा गावात घर बांधतो, मॉड्युलर किचन करून घेतो आणि पाच किलो कांदे चकचकीत लॅमिनेटच्या बंद दारामागे ठेवतो. जुलैत ते दार उघडलं की नाकाला आधी कळतं. मागच्या कोपऱ्यातला कांदा हाताला मऊ लागतो, मानेशी काजळीसारखी काळी भुकटी असते आणि तळाच्या प्लायवर एक ओला गोल उमटलेला असतो.

बापाला जे वीस टनांसाठी ठाऊक आहे, ते पोराच्या पाच किलोंना लागू होत नाही असं कुणी ठरवलं? फर्निचरच्या कॅटलॉगने ठरवलं असावं.

काढलेला कांदा मेलेला नसतो. त्याचं श्वसन चालूच असतं. त्यातून ऊब निघते, पाण्याची वाफ निघते, आणि ही वाफ बाहेर गेली नाही तर सालीवर बसते. राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ आणि गावोगावचे कृषी सहायक वर्षानुवर्षं तेच सांगत आले आहेत: तापमान २५ ते ३० अंश, हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के, ढीग पाच फुटांपेक्षा उंच नको, रुंदी चार फुटांच्या आसपास आणि हवा तळातून आत शिरली पाहिजे. ढिगाची रुंदी चारच फूट का, तर त्याहून जाड थरातून वारा आरपार जात नाही. एवढा बारीक विचार करणाऱ्या तालुक्यात ओट्याखालचा खण मात्र डब्यासारखा बंद असतो, हे जरा चमत्कारिकच.

जुन्या घरांची समज याहून बरी होती. धान्याला कोंडायचं, नाशवंताला मोकळं ठेवायचं. ज्वारी पेवात किंवा बळदात जायची, कणगी शेणमातीने लिंपून बंद व्हायची. किडीला हवा मिळू नये हाच हेतू. दूध-दही मात्र शिंक्यावर टांगलेलं किंवा जाळीच्या कपाटात. बटाटे-कांदे माजघराच्या कोपऱ्यात पसरलेले. पुढे ओटे आले, त्याखाली कडप्प्याचे कप्पे आले आणि त्यांच्यापुढे स्प्रिंगच्या तारेवर फुलाफुलांचा पडदा आला. तो दिसायला गावंढळ असेल, पण हवा खेळती ठेवायचा. त्याच्या जागी प्लायचं शटर आलं तेव्हा ओटा देखणा झाला आणि आतला खण गुदमरला.

याला तोड म्हणजे झिलमिली, तिरप्या लाकडी पट्ट्यांचं दार. श्रीरामपूरकरांना ती नवी नाही. गावच मुळात रेल्वेमुळे वाढलं. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि इथल्या स्टेशनाची पाटी आजही बेलापूरच आहे. त्या मार्गावरून जुन्या डब्यांत प्रवास केलेल्या माणसाला खिडकीतली लाकडी झिलमिली आठवत असेल. काच वर करून ती खाली ओढली की ऊन बाहेर राहायचं आणि वारा आत यायचा. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांतही तीच युक्ती.

हवा तर जाळीच्या दारातूनही येते, मग पट्ट्याच कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर बटाट्याकडे आहे. बटाट्याला हवा हवी आणि अंधारही हवा. उजेडात ठेवलेला बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलॅनिन वाढतं आणि तो कडवट लागतो. हिरवा भाग खाऊ नये असं सांगतात ते याचसाठी. तारेच्या उघड्या ट्रॉलीत त्याला हवा मिळते पण उजेडही मिळतो. बंद शटरमागे अंधार मिळतो पण हवा नाही. तिरपी पट्टी दोन्ही साधते, कारण वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीच्या वरच्या कडेला झाकते. नजर अडते, उजेड अडतो, वारा वळसा घालून आत जातो. (कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, ही आजीची ताकीद दार बदलल्यावरही पाळायची आहे.)

दूर स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात मक्याची कणसं साठवायला ‘ओरेओ’ नावाची छोटी कोठारं असतात. खांबांवर उचललेली, भिंतींना फटी आणि उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबावर छत्रीसारखा चपटा दगड. आपल्याकडे धान्य कोंडतात, तिथे कणसं वाऱ्यावर ठेवतात, कारण तिथला पाऊस वेगळा. तिथलं एखादं कोठार अहिल्यानगर जिल्ह्यात आणून ठेवलं तर लोक त्याला कांदाचाळच म्हणतील.

आता सुताराकडे जाऊ. पट्टीचं दार करणं हे रंद्याइतकंच गुण्याचं काम आहे. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना आतून सारख्या अंतरावर तिरप्या खुणा करायच्या, पटाशीने खाचा पाडायच्या आणि पट्ट्या त्यात सरकवून चौकट बंद करायची. चांगला कारागीर पट्टीला खिळा मारत नाही आणि गोंदही लावत नाही. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यात फुगतं, चैत्रात आकसतं. मोकळी पट्टी हे निमूटपणे सोसते, जखडलेली तडकते. म्हणून लाकूड नीट वाळलेलं हवं. ओलसर लाकडाचं दार इथल्या एप्रिलमध्ये दात वाजल्यासारखं खडखडायला लागतं. सागवान परवडलं तर उत्तम, कारण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. एमडीएफच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण ओट्याखाली फरशी धुतली जाते आणि पाणी प्यायलेला एमडीएफ बिस्किटासारखा फुगतो. पट्टीची बाहेरची कड खाली असावी, म्हणजे उडालेलं पाणी आत जात नाही. आतली फळीही सलग नको, पट्ट्यांचीच करावी. नाहीतर दाराने आत घेतलेली हवा पहिल्याच फळीला अडते.

खरा आग्रह मात्र कांद्यापेक्षा सिलिंडरसाठी धरायला हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि ओट्याखालचं दार चारही बाजूंनी घट्ट असेल तर वास बाहेर यायला वेळ लागतो. गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळतात तो नाकाला कळावा म्हणून; त्यालाच दारात कोंडलं तर त्या वासाचा उपयोग काय? या दाराच्या पट्ट्या जमिनीच्या अगदी जवळून सुरू व्हायला हव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उलटं. तिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, कारण चार्ज होताना त्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतात. हायड्रोजन हलका, तो वर चढतो. जिन्याखालच्या कपाटात बॅटरी दडवणाऱ्यांनी त्या दाराच्या वरच्या टोकाला पट्ट्या ठेवाव्यात. चपलांच्या कपाटाबद्दल काही सांगायची गरज नाही. पावसाळ्यात घरी आलेला पाहुणा ते आपणहून सांगतो.

धुळीची तक्रार खोटी नाही. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याने धावतात, मार्चनंतर जमीन उलते आणि प्रत्येक पट्टीवर एक पिवळसर थर बसतो. तो पुसायचा तर एकेक पट्टी पुसावी लागते आणि हे काम घरात कोणाच्या वाट्याला येतं हे सर्वांना माहीत आहे. गॅसच्या शेगडीशेजारी तर तेलाची वाफ आणि धूळ मिळून राळच होते. म्हणून झिलमिली हौसेने सगळीकडे लावणं चूक आहे. पीठ, डाळी, पापड, साड्या आणि लोकरीचे कपडे यांना बंद दारच बरं. घरात दोन-तीनच दारं पट्ट्यांची असावीत, पण ती योग्य जागी असावीत.

नवं दार करायची ऐपत किंवा इच्छा नसेल, तर आज एवढं करा: सिलिंडरच्या खणाचं शटर बिजागरीतून काढून ठेवा आणि तिथे आजीच्या ओट्यासारखा तारेवरचा पडदा लावा.